तुलाराम पाणकर आणि एकसष्ट दुखणी

खैरटोल्याच्या तलावाला एकच तोंड आहे, आणि त्या तोंडाशी एकोणतीस वर्षांपासून तुलाराम उभा आहे. तलावाच्या पाळीतून, म्हणजे मातीच्या बांधातून, दगडी नळी काढलेली, तिला वरपासून खालपर्यंत भोकं आणि प्रत्येक भोकात लाकडाचा खुंटा. याला तुडूम म्हणतात. खुंटा ओढला की पाणी पाटात उतरतं, ठोकला की थांबतं. कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, किती वेळ पाणी जाईल हे पाणकर ठरवतो. करडी गावाच्या आसपास आजवर जितके पाणकर झाले त्या सगळ्यांनी एक नियम कुठंही न लिहिता पाळला: पाणकराची बांधी शेवटी. पाणी पुरलं तर पुरलं. ज्या वर्षी पुरत नाही त्या वर्षी तुलारामच्या बांधीला भेगा पडतात, लोंबी बाहेर पडायच्या आधी धान पोटरीतच वाळतं, आणि गाव त्याला एरवीपेक्षा जरा वाकून रामराम करतं.

सहा वर्षांपूर्वी एक खुंटा फुगून बसला. तुलाराम कमरेएवढ्या पाण्यात उतरला, पाय दगडाला रोवले आणि ओढला. खुंटा निघाला, आणि त्याच्याबरोबर तुलारामच्या आतलंही काहीतरी निघालं. उजव्या जांघेच्या वर लिंबाएवढा गोळा. आडवं झालं की आत जायचा, उभं राहिलं की बाहेर यायचा. पुढं लिंबाचं कवठ झालं. तुलाराम त्यावर दुपट्टा आवळून बांधायचा, वरून धोतर नेसायचा आणि पाळीवरून असा चालायचा, जसं काही दुसऱ्या कोणाची ठेव सांभाळून नेतो आहे.

करडीच्या डॉक्टरनं त्याला एकदा सगळं समजावून सांगितलं होतं. याला अंतर्गळ, म्हणजे हर्निया म्हणतात, ऑपरेशन लहान आहे, कार्डावर फुकट होतं. पण एखाद्या दिवशी गोळा बाहेरच अडकला तर दिवस नाही, तास मोजावे लागतील. तुलारामनं नीट ऐकलं, मान डोलावली आणि तो घरी आला.

"मंग कधी जाता?" त्याच्या बायकोनं, रुखमिणीनं विचारलं.

"रोवणा होऊ दे."

धानाची रोपं लावून रोवणा झाला. धान निघालं. मागची लाखोळीची डाळ निघाली. पुन्हा रोवणा आला. असे सहा रोवणे झाले.

"आता काहून थांबले?"

"गोमाजीच्या गुडघ्याचं व्हायचं आहे अजून. गोदावरीबाईचा डोळा राह्यला."

"त्यायच्या गुडघ्याचा अन् तुमच्या गोळ्याचा काय संबंध जी?"

तुलारामनं दुपट्टा आवळला. त्याच्या मनात दवाखाना हाही एक तलावच होता. कुठंतरी दूर कोणीतरी खुंटा धरून उभा असणार. आपण पाणकर, आणि आपणच मधे बांध फोडून पाणी वळवायचं, हे त्याला चोरीसारखं वाटायचं.

फेब्रुवारीत भुपेंद्र आला. वरठीचा पोरगा, बाप लोखंडाच्या कारखान्यात, स्वतः सर्वेक्षणाच्या कामावर कंत्राटानं लागलेला. हातात टॅब, पाठीवर बॅग, मोटारसायकलच्या आरशाला रुमाल बांधलेला. देशातली माणसं किती आजारी पडतात आणि आजारावर किती खर्च करतात याची पाहणी चालू होती. कम्प्युटरनं खैरटोल्यातून एकच घर काढलं होतं.

"माझंच काहून?" तुलारामनं विचारलं.

"चिठ्ठी काढल्यासारखं आहे, काकाजी. निघालं तुमचं नाव."

"अन् बाकीचे?"

"बाकीच्यायच्या वतीनं तुमीच. तुमचं एक घर म्हणजे हिशेबात चार हजार दोनशे घरं धरतात."

तुलाराम ओट्यावर खाली बसला. त्याला गोळा टोचला म्हणून नव्हे. आपल्या छपरीखाली चार हजार दोनशे घरं दाटीवाटीनं येऊन उभी राहिली आहेत आणि सगळी आपल्या तोंडाकडे बघत आहेत, असं त्याला वाटलं.

शेजारचा चंद्रकुमार तेवढ्यात आलाच होता. त्याचं किराण्याचं दुकान, त्यामुळे पेपर तो गावाच्या आधी वाचायचा आणि मग त्यात फुटाणे बांधून गावाला द्यायचा. त्यानं तुलारामला सरकारचं धोरण समजावलं. "हे पाहा तुलारामभाऊ. तुमी इथं जे सांगान, त्याच्यावर तिथं नवीन धोरण बनते. मागच्या वेळेस निघालं का लोकायच्या खिशातला खर्च कमी झाला. काहून कमी झाला? कोणत्यातरी गावच्या तुलारामनं छाती फुगवून सांगतलं असन, आमच्या घरी कोणी बिमार नाही. झालं! चार हजार घरं एका दमात खणखणीत."

"तसं नसते काकाजी," भुपेंद्र म्हणाला.

"मंग कसं असते?"

भुपेंद्रनं थोडा विचार केला. "तसंच असते जवळपास," तो म्हणाला.

त्या दिवशी त्याला फक्त घर पाहून जायचं होतं. प्रश्न गुरुवारी विचारायचे होते. निघताना त्यानं एवढंच सांगितलं की घरच्या सगळ्यांनी हजर राहावं. घरचे म्हणजे कोण, असं तुलारामनं विचारलं. भुपेंद्रनं प्रशिक्षणात पाठ केलेलं वाक्य म्हटलं: "एका चुलीवर सहसा जेवतात ते सगळे."

संध्याकाळी पाळीवर माणसं जमली. तुलाराम म्हणाला, "तोंड एक अन् घरं चार हजार. मी माझंच कसं सांगू? पाप लागन."

"पण त्यानं तर घरचंच विचारलं," कोणीतरी म्हणालं.

"घरचा कोण?" चंद्रकुमार म्हणाला. "एका चुलीवर जेवते तो."

तलावात एक मासा उसळून पडला. मग गोमाजी, जो गुडघ्यामुळे सगळ्यांत शेवटी पोचला होता आणि अजून धापा टाकत होता, म्हणाला, "मंग जेऊ ना बा!"

सोमवारी सकाळी तुलारामच्या अंगणात चूल खणली. लग्नाच्या स्वयंपाकाला खणतात तसं लांबट चुलांगण, भाताचे तीन मोठे गंज मावतील एवढं. त्यावर वाद झाला. हे तीन चुली धरतील की एक? चंद्रकुमारनं आडवं झोपून आतून पाहिलं आणि निवाडा दिला: तोंडं तीन, जाळ एक, म्हणजे चूल एक. 'सहसा' म्हणजे किती दिवस, हेही त्यानंच ठरवलं. तीन दिवस. नवसालासुद्धा तीनच लागतात.

तुलारामवर भार नको म्हणून प्रत्येकानं आपापले तांदूळ आणले. कोणाची लुचई, कोणाचे हिरानकी, कोणाचे रेशनचे, कोणाचे दोन वर्षांचे जुने. सगळे एकाच गंजात पडले. जुने फुगून बसले तेव्हा नवे लापशी झाले होते आणि रेशनचे अजून विचारच करत होते. पहिल्या दिवशी गावानं तो भात हसत खाल्ला. दुसऱ्या दिवशी गप्प बसून खाल्ला. तिसऱ्या दिवशी अर्धा खैरटोला तांब्या घेऊन तलावाच्या मागच्या बाजूला येजा करत होता. चंद्रकुमारला त्यातही बरंच दिसलं. "पंधरा दिवसांतला आजार विचारते तो सर्वेवाला पोरगा. हाही पंधरा दिवसांतलाच आहे."

त्यानं भुपेंद्रला फोन करून सहज विचारल्यासारखं विचारलं की घरातल्या माणसांच्या चौकटीत आकडा किती मोठा मावतो. दोन आकडी, भुपेंद्र म्हणाला, काहून? काही नाही जी, चंद्रकुमार म्हणाला आणि फोन ठेवला. नव्व्याण्णवच्या वर घर जाऊ शकत नव्हतं. गावात तुलारामचं सोडून घरं एकसष्ट. तेव्हा तुलारामनं तोच न्याय लावला जो तो पाण्याला लावत आला होता. घरामागे एक माणूस, एका माणसामागे एक दुखणं. कमी नाही, जास्त नाही.

त्यातून नवीच भांडणं उभी राहिली. घरात दुखणी तीन-तीन, चार-चार, आणि पाठवायचं एक. बाप म्हणे माझा दमा, मुलगा म्हणे माझी कंबर. एका घरी दोन भावांनी चिठ्ठ्या टाकल्या. पंगतीत गोदावरीबाई म्हणाली, "आमच्या घरचा माझा डोळा लिहा. मोतीबिंदू." तेव्हा तिची सून, जी एकोणीस वर्षांत सासूसमोर मोठ्यानं बोलली नव्हती, वरणाचं भांडं खाली ठेवून म्हणाली, "माझं अंग बाहेर येते. बाळंतपणापासून."

सगळी पंगत पानाकडे बघू लागली. गोदावरीबाईनं तोंडातला घास सावकाश संपवला. "माझा डोळा राहू द्या," ती म्हणाली. "तिचं लिहा."

लिहायचं मात्र काहीच नव्हतं. पाण्याच्या पाळ्या तुलारामनं कधी लिहून ठेवल्या नव्हत्या. पाट जसा जातो त्या क्रमानं, पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत, त्यानं एकसष्ट दुखणी पाठ केली. पाळीवर चालताना तो ती पुटपुटायचा. गुडघा, साखर, दमा, मुतखडा, अंग. रुखमिणी चुलीशी बसून ऐकायची.

"अन् आपल्या घरचं कोणतं?"

"आपलं बासष्टावं."

"सांगसान ना पण?"

"नंबर आला का सांगीन."

गुरुवारी सकाळी भाताचा गंज उतरवायचा होता. एका कड्याला गोमाजी होता, दुसऱ्याला तुलाराम. गोमाजीचा गुडघा मधेच वाकला आणि सगळा भार एका बाजूला आला. तुलारामनं तो पेलला, गंज जमिनीवर टेकवला, आणि त्याला कळलं की दुपट्ट्याखाली काहीतरी घसरून बाहेर आलं आहे. तो घरात जाऊन आडवा झाला, पाय वर घेतले, रोजच्यासारखं हलक्या हातानं दाबलं. गोळा गेला नाही. पुन्हा दाबलं. तो दगडासारखा झाला होता. बाहेर मोटारसायकल थांबल्याचा आवाज आला. तुलारामनं दुपट्टा पुन्हा आवळला आणि तो उठून उभा राहिला.

भुपेंद्र दारातच थबकला. अंगणात एकसष्ट माणसं ओळीनं बसली होती, अंघोळ करून, डोक्याला तेल लावून.

"काय कार्यक्रम आहे काकाजी?"

"घरचे आहेत."

"एवढे?"

"एका चुलीवर जेवतात," चंद्रकुमार म्हणाला. "सहसा."

भुपेंद्रनं चूल पाहिली, गंज पाहिला, माणसं पाहिली. त्याचं प्रशिक्षण दोन दिवसांचं झालं होतं आणि त्यात हे कुठंच नव्हतं. न सुचून तो खाटेवर बसला आणि त्यानं टॅब उघडला.

"बरं. कुटुंबप्रमुख तुलाराम, वय त्रेसष्ट. गेल्या पंधरा दिवसांत तुमाले काही आजार?"

"माझं शेवटी," तुलाराम म्हणाला. "पहिलं गोमाजीचं घ्या. उजवा गुडघा..."

"तसं जमत नाही. प्रमुखाचा नंबर एक असते. तुमचं भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही."

"तं मागून उघडा."

"मागून उघडत नाही काकाजी. हो म्हणा नाहीतं नाही म्हणा. दोनच बटनं आहेत."

तुलारामच्या कपाळावर घाम आला. हो म्हटलं तर त्याची बांधी सगळ्यांच्या आधी भिजणार होती, तीही एकसष्ट माणसांच्या डोळ्यांदेखत. नाही म्हटलं तर खोटं. एकोणतीस वर्षांत त्यानं पाण्याबाबत खोटं सांगितलं नव्हतं, आणि आता तर एका खोट्याची चार हजार दोनशे खोटी होणार होती. तो बोटं मुडपून बसून राहिला. पोटात कळ उठली, ओसरली, पुन्हा उठली.

"म्हणून टाका ना नाही," गोमाजी कुजबुजला. "काय जाते?"

"हो म्हणा," रुखमिणी दारातून म्हणाली.

टॅबनं टुंग असा आवाज केला. "उत्तर बाकी आहे म्हणते," भुपेंद्र म्हणाला. त्यानं काही क्षण वाट पाहिली. टॅब पुन्हा वाजला. असं बराच वेळ चाललं. अंगणातली माणसं तुलारामकडे बघत होती, तुलाराम जमिनीकडे, आणि टॅब थोड्या थोड्या वेळानं त्याला आठवण देत होता. अकराव्या की बाराव्या टुंगाला तुलाराम पुढं वाकला आणि हिरवं ओकला.

चंद्रकुमारच्या मालवाहू गाडीत तेलाचे डबे बाजूला सारून त्याला झोपवलं. मागं चौदा माणसं चढली. खाली उतरा म्हटलं तर कोणी उतरेना, घरचे होते. भुपेंद्र मोटारसायकलवर मागोमाग निघाला. कारध्याच्या पुलावर तुलारामनं डोळे उघडले. गाडीच्या फळीतून त्याला खाली वैनगंगा दिसली, रुंद, आणि कोणी खुंटा न ओढता वाहत असलेली. हिला कोण वाटून देतं, असं त्याच्या मनात आलं, आणि पुन्हा कळ आली.

भंडाऱ्याच्या दवाखान्यात दारावरच्या माणसानं चौदा जणांना अडवलं.

"पेशंटसोबत घरचे दोघंच."

"आमी सगळे घरचेच आहो."

"चौदा?"

"एकसष्ट आहो," गोमाजी म्हणाला. "बाकीचे गाडीत मावले नाही. एकाच चुलीवर जेवतो आमी."

"मंग चालले जा जेवाले," तो म्हणाला आणि त्यानं रुखमिणी अन् चंद्रकुमारला तेवढं आत सोडलं.

आत एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. केस विस्कटलेले, पेन कानावर. त्यांनी तुलारामच्या मनगटाला हात लावला आणि विचारलं, "काय त्रास होतो बाबा?"

तुलारामनं त्यांच्याकडे पाहिलं. इथं टॅब नव्हता, बटनं नव्हती, पहिला नंबर कोणाचा हे कोणी सांगत नव्हतं. अखेर तोंड मोकळं झालं होतं. त्यानं डोळे मिटले आणि पाटाच्या क्रमानं सुरुवात केली.

"पहिलं, उजवा गुडघा. जिना चढता येत नाही."

डॉक्टरीणबाईंनी लिहिलं.

"दुसरं, साखर. सात वर्षं झाले. तिसरं दमा. चौथं मुतखडा, डाव्या बाजूचा. पाचवं, अंग बाहेर येते, बाळंतपणापासून."

पेन थांबलं. "बाळंतपण कोणाचं, बाबा?"

"आमच्याच चुलीवरचं."

"सहावं काय आहे?" त्यांनी सावधपणे विचारलं.

"फिट येते. सातवं, ऐकू येत नाही."

"पण तुम्हाला तर ऐकू येतंय."

"मले येते," तुलाराम म्हणाला. "आठवं, पांढरं जाते."

डॉक्टरीणबाईंनी नर्सला हळूच सांगितलं की बाबांना भ्रम झालेला दिसतो, रक्तातली साखर बघा, डोक्याला मार लागलाय का ते विचारा. चंद्रकुमार धोरण समजावायला पुढं झाला. एक घर म्हणजे चार हजार दोनशे घरं, असं त्यानं सुरू केलं, तेव्हा बाईंनी त्याच्याही डोळ्यांत टॉर्च मारून पाहिला. तुलाराम अकराव्यावर पोचला होता. ओठ सुकले होते, पण क्रम चुकत नव्हता. भिंतीवरचं घड्याळ चालत होतं.

रुखमिणी कोपऱ्यात उभी होती. लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली होती, आणि चार माणसांत तिनं नवऱ्याच्या अंगाला कधी बोट लावलं नव्हतं. ती पुढं आली. नर्सला बाजूला सारून तिनं धोतर सोडलं. दुपट्ट्याची गाठ घामानं घट्ट झाली होती. ती तिनं दातांनी धरली आणि ओढली.

"हे पाहा बाई," ती म्हणाली. "हे यायचं सोताचं. बाकी सारं गावचं आहे."

डॉक्टरीणबाईंनी गोळ्याला हात लावला आणि त्यांचा चेहरा बदलला. "कधीपासून असा आहे?"

"गोळा सहा वर्षांपासून. असा दगडासारखा आज सकाळपासून."

बाईंनी त्याला ताबडतोब ऑपरेशनला घ्यायला सांगितलं. चाकं वाजली, दारं उघडली. तुलाराम तेविसाव्यावर होता, तेव्हा त्याच्या तोंडावर काहीतरी ठेवलं गेलं.

आतडं निळं पडलं होतं, पण मेलं नव्हतं. कोमट पाण्याच्या कापडानं शेकल्यावर त्याला रंग आला, असं बाईंनी नंतर रुखमिणीला सांगितलं. आणखी दोन तास गेले असते तर कापावं लागलं असतं, आणि मग काही सांगता आलं नसतं. केसपेपरवर वर ओळीनं गुडघ्यापासून सगळी दुखणी लिहिलेली होती. त्यांच्यावर एक उभी रेघ मारून खाली एकच शब्द लिहिला होता: हर्निया.

भुपेंद्र तिसऱ्या दिवशी आला. पिशवीत केळी होती. त्यानं स्टुलावर बसून सांगितलं की फॉर्म रद्द झाला. प्रमुख हजर नसला की घर बदलतात. बदली घर निघालं ते टोल्याच्या पल्याडच्या कलाबाईचं. ती एकटी राहते.

"काय सांगतलं तिनं?" तुलारामनं विचारलं.

"काही नाही. म्हणे मी कधी बिमार पडली नाही. सगळ्या प्रश्नांना नाही. सहा मिनिटांत झालं."

"तिचे पाय सुजतात ना पण."

"मले दिसले," भुपेंद्र म्हणाला. "पण दिसलेलं लिहायची जागा नाही त्यात." तो केळ्याची साल सोलत बसला आणि ते केळं त्यानंच खाल्लं.

"अन् ऑपरेशन? ते तरी धरन का कोणी?"

"पाहणी आदल्या दिवसापर्यंतचीच असते, काकाजी. तुमचं त्याच दिवशी झालं."

तो गेला. वॉर्डात बारा खाटा होत्या. पलीकडच्या खाटेवरचा म्हातारा मोठ्यानं कण्हत होता, त्याच्यापुढच्या पोराचा पाय वर टांगलेला होता. नर्स सुई घेऊन आली. तिनं तुलारामच्या पट्टीजवळ हात ठेवून विचारलं, "दुखतं का, बाबा?"

तुलारामनं सवयीनं म्हाताऱ्याकडे पाहिलं, मग त्या पोराकडे. नर्स त्यांच्याकडे बघत नव्हती. ती त्याच्याकडेच बघत होती आणि थांबली होती. रुखमिणी पाण्याचा ग्लास हातात धरून तशीच उभी राहिली.

"दुखते," तुलाराम म्हणाला.

आवाज त्याला कोणा दुसऱ्याचा वाटला, म्हणून त्यानं पुन्हा एकदा म्हणून पाहिलं.